वही झाकून सोडव

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला. "ताई, मी मॅथ्स सोडून जॉग्रफी घेऊ का? या आठवड्यापर्यंत विषय बदलून देताहेत," एवढं बोललीस आणि गप्प झालीस. मागे टीव्ही चालू होता, काकू कुणाशी तरी बोलत होत्या, म्हणून मीही फार खोदून विचारलं नाही. पण चाचणीत पंचवीसपैकी सहा मिळाले हे तू ज्या आवाजात सांगितलंस ना, तो आवाज माझ्या ओळखीचा आहे गं. दहावीला गणितात नव्वदीच्या पुढे गेलेली मुलगी अकरावीच्या पहिल्या चाचणीनंतर अशीच बोलते. मला सात मिळाले होते. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता, आणि घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. तू निदान फोन तरी केलास.

म्हणून आज निवांत बसून लिहिते आहे. या गोष्टी फोनवर धड होत नाहीत.

आधी तुझं मन हलकं करते. गणित सोडणं हा काही गुन्हा नाही. तुला मनापासून मेडिकलला, नर्सिंगला जायचं असेल, बायोचं पुस्तक हातात घेतलं की तुझा वेळ कसा जातो कळत नसेल, तर खुशाल सोड. काकांशी मी स्वतः बोलेन. पण मी तुला विचारलं, का सोडतेस, तर तू म्हणालीस, "मला येतच नाही." हे कारण मला मान्य नाही. अकरावीला लागून चार महिने झाले नाहीत तोवर कुणालाच येत नसतं. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या त्या दोघींनाही नाही. त्या फक्त बोलून दाखवत नाहीत.

झालंय काय ते नीट बघ. दहावीपर्यंत बीजगणिताचा चाळीस गुणांचा एक पेपर, भूमितीचा चाळीसचा दुसरा. गणिताचे ठरावीक प्रकार, प्रत्येक प्रकाराच्या तीन-चार पायऱ्या. पन्नास वेळा तोच प्रकार सोडवला की हात आपोआप चालायचा. अकरावीला दोन जाडजूड पुस्तकं आली, भाषा एकदम इंग्रजी झाली आणि पहिल्याच धड्यात रेडियन नावाचा पाहुणा येऊन बसला. तू आजवर कोन अंशांत मोजलेस आणि आता म्हणतात १८० अंश म्हणजे पाय रेडियन. का, ते कुणी सांगत नाही, कारण पोर्शन संपवायचा असतो.

तर मी सांगते. हातातली एक बांगडी काढ. तिच्या मध्यापासून कडेपर्यंत जेवढं अंतर, तेवढा दोरा काप. तो दोरा बांगडीच्या कडेवर बसव. दोऱ्याची दोन टोकं मध्याशी जोडलीस की तिथे जो कोन होतो, तो एक रेडियन. साधारण ५७ अंशांचा भरतो. आता तसेच दोरे एकापुढे एक लावत जा. सहा दोरे पूर्ण बसतील आणि थोडी जागा उरेल, पाव दोऱ्याहून किंचित जास्त. म्हणजे पूर्ण फेरा ६.२८ दोऱ्यांचा. तो दोन पाय झाला. अर्धा फेरा एक पाय. संपलं. यात पाठ करण्यासारखं काही राहिलं का? दोऱ्याची ही गोष्ट मला एम.एस्सी.ला जळगावला आल्यावर कळली आणि मी होस्टेलच्या खोलीत एकटीच रडले, की पाच वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

भाषेचंही तसंच. तू मराठी माध्यमातली. शब्द अडतो आणि आपल्याला वाटतं गणित अडलं. वहीच्या शेवटच्या चार पानांवर दोन रकाने आख आणि इंग्रजी शब्दासमोर मराठी लिहीत जा. फंक्शन म्हणजे फलन, लिमिट म्हणजे सीमा, डेरिव्हेटिव्ह म्हणजे विकलज, इंटिग्रेशन म्हणजे संकलन. आणि साइन? साइन तर मूळ आपलाच. आपल्याकडे त्याला ज्या म्हणायचे, धनुष्याची दोरी. जीवा हा त्याचाच दुसरा शब्द. तो अरबांकडे गेला, तिथे त्याचं वाचन बदललं, लॅटिनमध्ये त्या चुकीच्या वाचनाचं भाषांतर झालं आणि सायनस होऊन तो आपल्याकडे परत आला. वर्तुळात एक कंस काढ, त्याची दोन टोकं जोड, दोरी ताणलेलं धनुष्य दिसेल. त्या दोरीचा अर्धा भाग म्हणजे तुझा साइन. परक्या भाषेतला म्हणून त्याला घाबरू नकोस.

आता जरा लागेल असं बोलते. तू चाचणीच्या पेपरचा फोटो पाठवलास तो मी मोठा करून ओळ न ओळ वाचला. तुझं अकरावीचं गणित फारसं चुकलेलं नाही. चुकलंय ते आठवीचं. दुसऱ्या प्रश्नात सूत्र बरोबर लिहिलंस, किमती बरोबर घातल्यास आणि मग वजा कंसातलं क्ष वजा ३ उघडताना वजा क्ष वजा ३ केलंस. कंसाबाहेरचं वजा आतल्या दोघांनाही लागतं, उणे तिनाचं अधिक तीन व्हायला हवं होतं. चौथ्या प्रश्नात वर्गमुळाखाली दोन वर्गांची बेरीज होती, तिथे तू सरळ त्या दोन संख्यांचीच बेरीज केलीस. स्वतः तपासून बघ. ९ अधिक १६ म्हणजे २५, त्याचं वर्गमूळ ५. तुझ्या पद्धतीनं ३ अधिक ४ म्हणजे ७ येतं. ५ आणि ७ एक होतील का? या दोनच जागी तुझे सात गुण गेलेत. सहा आणि सात तेरा. पंचवीसपैकी तेरा मिळालेली मुलगी मॅथ्स सोडायची भाषा करते का?

माझ्या कॉलेजात दरवर्षी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शंभरेक मुलं माझ्यासमोर बसतात. नापास होणाऱ्यांपैकी बहुतेक जण संकलनात अडकत नाहीत, अपूर्णांकांच्या बेरजेत अडकतात. चिन्हं, कंस, अवयव, घातांक, अपूर्णांक. एवढ्या पाच गोष्टींसाठी आठवी-नववीची पुस्तकं माळ्यावरून काढ. यात लाज कसली? दिवाळीच्या सुट्टीतले दहा दिवस रोज तासभर एवढंच कर. अकरावीचं पुस्तक उघडूही नकोस.

आणि ती तुझी वही. मागच्या वेळी घरी आले होते तेव्हा चाळली होती, सुंदर आहे. निळी-काळी शाई, समासात फुलं, एक खाडाखोड नाही. ती वही बघूनच मला धास्ती वाटली होती. फळ्यावरून उतरवलेलं गणित आपलं नसतं गं. ते सरांचं असतं. वाचताना वाटतं, हो, कळलं, पुढचीही ओळ कळली. कळतंच, कारण सगळ्या ओळी समोर असतात. शेजारणीची भाकरी थापताना बघून आपल्याला भाकरी येत असेल तर असं गणितही येईल. पीठ हाताला चिकटतं, कडा फाटतात, ते आपल्या परातीत झाल्याशिवाय कळत नाही.

वही झाकून सोडव. फक्त प्रश्न उतरवून घे, वही मीट आणि घड्याळ लावून वीस मिनिटं त्या एका गणिताशी बस. सुचलं नाही तरी उठू नकोस. आकृती काढ, दिलंय काय आणि हवंय काय ते मराठीत लिही, संख्या सोप्या करून बघ. वीस मिनिटांनी उघड, पण पूर्ण नको, अडलीस तेवढी एकच ओळ बघ आणि पुन्हा मीट. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनच गणितं होतील. रडू येईल. मैत्रिणी म्हणतील आमची अख्खी एक्सरसाइज झाली. होऊ दे. झाकून सोडवलेली दोन गणितं उतरवलेल्या वीस गणितांना भारी पडतात, हे मी दोन्ही करून बघितलंय म्हणून सांगते.

दुसरी एक साधी चाळीस पानी वही कर, चुकांची. त्यात फक्त चुकलेली ओळ, शेजारी बरोबर ओळ आणि का चुकलं ते एका वाक्यात. महिन्याभरात तुझ्या लक्षात येईल की आपण पन्नास प्रकारांनी चुकत नाही, पाच-सहा प्रकारांनीच पुन्हा पुन्हा चुकतो. ती वही खोडरबर न लावता लिहायची.

तू म्हणालीस, लिमिट म्हणजे नुसती बनवाबनवी वाटते. आधी म्हणायचं क्ष दोन नाही, मग शेवटी दोनच घालायचा. अगं, हा प्रश्न तुला पडला याचाच मला आनंद झाला. ज्याला हा प्रश्न पडत नाही त्याला लिमिट कधीच येत नाही.

क्षचा वर्ग वजा ४, भागिले क्ष वजा २, हेच उदाहरण घे. क्षच्या जागी २ घातले की वर शून्य, खाली शून्य. काही अर्थच नाही. आता दोनच्या जवळ जा. १.९ घाल, उत्तर ३.९. १.९९ घाल, ३.९९. पलीकडून ये, २.०१ घाल, ४.०१. दाराशी उभं राहून आतलं दिसतंय की आत ४ बसलेत, फक्त दार उघडत नाहीये. सीमा म्हणजे एवढंच.

याचा उपयोग काय? समजा धुळ्याची बस दोन तासांत साठ किलोमीटर गेली. ताशी तीस. पण तू ड्रायव्हरमागच्या सीटवर बसलीस आणि काट्याकडे पाहिलंस तर तो कधी साठवर असतो, कधी फाट्यावर शून्यावर येतो. त्या क्षणाचा वेग काट्याला कसा कळतो? क्षणात अंतर शून्य, वेळही शून्य. पुन्हा शून्य भागिले शून्य! म्हणून क्षणाच्या अगदी जवळचा छोटा वेळ घ्यायचा आणि तो आणखी आणखी छोटा करत जायचा. एखादी वस्तू काही सेकंदांत त्या सेकंदांच्या वर्गाइतके मीटर जात असेल तर दुसऱ्या सेकंदाला तिचा वेग किती, हे विचारलं की वरचंच उदाहरण समोर येतं आणि उत्तर सेकंदाला ४ मीटर. बारावीतलं डेरिव्हेटिव्ह म्हणून जे सगळ्यांना घाबरवतं, ते हेच.

आणि हे काही फक्त न्यूटनच्या घरचं देणं नाही. आपल्या खानदेशाशीही त्याचा धागा आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवी माहीत आहे ना, नवरात्रात लोक जातात ते? डोंगराच्या कुशीतल्या त्या पाटण गावात आठशे वर्षांपूर्वीचा, साधारण इ. स. १२०७ चा एक शिलालेख सापडला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकिकत आहे. भास्कराचार्य जन्मले १११४ साली. छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. ग्रह रोज किती सरकतो हे आधीही काढत होते, पण चंद्र भरभर चाल बदलतो, त्याला दिवसाची सरासरी चालत नाही. म्हणून त्यांनी त्या त्या क्षणाची गती मांडली. तिला नाव दिलं तात्कालिक गती. बसच्या काट्याचाच प्रश्न, आकाशातला. आणि ती काढताना त्यांनी म्हटलं की ज्येमधला फरक कोटिज्येच्या, म्हणजे कोसाइनच्या, प्रमाणात असतो. तू पुढे साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन असं लिहिशील ना, त्याचीच ही आधीची ओळख.

मला त्या शिलालेखातली सगळ्यात जास्त भावते ती वेगळीच गोष्ट. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजाच्या पदरी होता. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला. आणि तो चालायचा कशावर? जमिनीचं दान होतंच, पण लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत लिहिलंय की पाटणच्या बाजारातल्या मालावर राजाचा जो हिस्सा निघायचा तो मठाला, आणि तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल मठाला. विचार कर गं. बाजारात बसलेला वाणी, घाणा ओढणारा तेली, यांच्या पळीभर तेलावर आपल्या मुलखात ज्या आणि कोटिज्या शिकवल्या जात होत्या. हा विषय पुण्या-मुंबईच्या, क्लासची दीड-दोन लाख फी भरणाऱ्या मुलांचा आहे असं तुला वाटतं तेव्हा ते पळीभर तेल आठव. एकदा तुला तिथे घेऊन जायचंय. धुळ्याहून चाळीसगावच्या गाडीत बसलो की दिवसात जाऊन येता येतं.

त्याच भास्कराचार्यांनी लीलावती हा ग्रंथ लिहिताना काही गणितं घातली आहेत ती लीलावती नावाच्या मुलीला हाक मारून. बाराव्या शतकातलं पाठ्यपुस्तक मुलीला प्रश्न विचारतं. आणि माझ्या अकरावीत एक शिक्षक वर्गात उभं राहून म्हणाले होते, पोरींनी उगाच मॅथ्सच्या फंदात पडू नये, बायो सोपं, मार्कही पडतात. आमच्या बाकावरच्या सहाजणींपैकी चौघींनी त्याच आठवड्यात विषय बदलला. त्यातली एक माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती, तोंडी भागाकार करायची. ते वाक्य बोललं गेलं तेव्हा मी काही बोलले नाही याची मला आजही खंत आहे. तुला कुणी असं म्हटलं असेल तर मला सांग. आणि बायो सोपं हेही खरं नाही, विचार नीटची तयारी करणाऱ्या कुणालाही.

आपल्या आजीला तर अक्षरओळख नव्हती. मिरचीच्या सीझनला ती पथारीवर देठ खुडायला जायची, मजुरी किलोवर. संध्याकाळी डोळे लाल, हाताची आग आग, आणि त्याच हाताच्या पेरांवर ती हिशोब करायची. मुकादमाच्या वहीतली चूक ती तोंडी पकडायची, माझ्यासमोर दोनदा पकडली होती. तिनंच मला एकदा विचारलं होतं, ओली मिरची वाळली की एवढी कमी का भरते? तेव्हा सांगता आलं नाही. आता तू सांग. समजा शंभर किलो ओली मिरची, तिच्यात ८० टक्के पाणी. वाळल्यावर पाणी १० टक्के उरलं. वजन किती? चटकन सगळे म्हणतात तीस. शंभरातून सत्तर गेले. चूक. यात बदललं नाही ते काय, हे आधी शोधायचं. पाणी उडालं, मिरचीचा गर, बी, साल तेवढंच राहिलं, वीस किलो. आधी ते वीस टक्के होतं, आता ते नव्वद टक्के झालंय. म्हणजे वजन बावीस किलोंच्या थोडं वर. काय बदलत नाही ते धरून ठेवलं की बदलणाऱ्याचा हिशोब लागतो. बारावीत तू डिफरन्शियल इक्वेशन मांडशील, प्रॉबॅबिलिटी करशील, तिथेही पहिली ओळ लिहिताना याच नजरेनं बघायचं आहे.

परीक्षेचंही बोलूया, तुला ती काळजी आहेच. अकरावी म्हणजे आराम, हा आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा समज. बोर्डात अकरावीचे मार्क धरत नाहीत म्हणून वर्ष वाया घालवतात. पण बारावीचा निम्मा भाग अकरावीच्याच खांद्यावर उभा आहे. फलन, सीमा, त्रिकोणमिती कच्ची असेल तर संकलनाला हातही लावता येत नाही. शिवाय एमएचटी-सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ ९० मिनिटं, आणि त्यातला २० टक्के भाग अकरावीवर. म्हणजे वीस गुण इथेच, या वर्षात ठेवलेत. चुकीच्या उत्तराला तिथे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

बोर्डाचा पेपर तर तुला वाटतो त्याहून दयाळू आहे. लेखी ८०, प्रॅक्टिकलचे २०. दोन गुणांचे बारा प्रश्न, त्यातले आठ सोडवायचे. तीन गुणांचे बारा, त्यातलेही आठ. चार गुणांचे आठ, त्यातले पाच. एवढे पर्याय असताना भीती कसली? फक्त पर्याय आहेत म्हणून धडे गाळू नकोस. मॅट्रिक्स, लॉजिक, लिनिअर प्रोग्रॅमिंग हे हमखास हाताला लागणारे धडे आहेत, ते आधी पक्के करायचे. प्रॅक्टिकलचं जर्नल स्वतः लिहायचं, दुसरीचं उतरवायचं नाही.

क्लास लावू की नको, हे काकांनी विचारलंय. मी नको म्हणेन. निदान दिवाळीपर्यंत नको. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी क्लासचा होमवर्क, मग वही झाकून बसायचं कधी? मोबाइलवर शिकवणारे चांगले आहेत, बघ, पण प्रश्न फळ्यावर आला की व्हिडिओ थांबव आणि आधी स्वतः सोडव. आणि कॉलेजात सरांना विचार. "सर, काहीच कळलं नाही," असं नाही विचारायचं, त्याला कुणाकडेच उत्तर नसतं. "सर, तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली?" असं विचारायचं. वर्ग हसला तर हसू दे. तोच प्रश्न निम्म्या वर्गाच्या मनात असतो, हे मी आता टेबलाच्या या बाजूनं रोज बघते.

पुढच्या वाटांचंही मनात असू दे. गणित ठेवलंस तर इंजिनिअरिंग आहे, आर्किटेक्चर आहे, बी.एस्सी. करून माझ्यासारखं शिकवणं आहे. एनडीए २०२१ पासून मुलींना खुली झाली, तिथेही गणिताचा पूर्ण पेपर असतो. आणि फीचं म्हणशील तर २०२४-२५ पासून वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण भरतं, प्रवेश सरकारी प्रक्रियेतून झाला असला की. काकांना सांग, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आतापासून काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलला गर्दी असते. आज घाबरून सोडलंस तर बारावीनंतर या दारांशी परत येणं फार अवघड होतं. ठेवलंस आणि नंतर बायोकडे वळलीस, तर काही बिघडत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो असे चारही विषय हातात आहेत तोवर ते सोडायची घाई तू करू नकोस.

मंगला नारळीकरांचं नाव ऐकलं असशील. गणितात एम.ए., टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन, मग लग्न, परदेश, घर, मुली. पीएच.डी. झाली ती १९८१ मध्ये, लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षांनी. त्यांच्या एका मुलीचं नाव लीलावती. त्यांचं गणितगप्पा हे पुस्तक माझ्याकडे आहे, पानं सुटली आहेत, पण तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलंय. रोज रात्री दोन पानं वाचायची, अभ्यास म्हणून नव्हे.

तर असं कर. या आठवड्यात तो अर्ज भरू नकोस. सरांनी विचारलं तर सांग, ताईशी बोलून सहामाहीनंतर ठरवते. त्यानंतर बदलून देणार नसतील तर मला त्याच दिवशी फोन कर, मी येऊन प्राचार्यांना भेटेन. मी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी जळगावहून दुपारच्या गाडीनं निघते, संध्याकाळी दोंडाईचा. तोवर रोज दोन गणितं, वही झाकून. चुकांची वही स्टेशनवरच घेऊन ये. काही पुसू नकोस, मला चुकाच बघायच्या आहेत.